घरच्या ओट्यावरून टीव्हीवर: सोलापुरात पाककृतींचा कार्यक्रम कसा उभा करायचा

चांगल्या सुगरणीला स्टुडिओतल्या अनोळखी ओट्यासमोर उभं केलं की तिचा हात अडखळतो. मीठ कुठे, पक्कड कुठे, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवलं की आच बारीक होते, यातच अर्धं लक्ष जातं आणि बोलणं पाठ केल्यासारखं वाटायला लागतं. तीच बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात मागे वळूनही न बघता फडताळातून हिंगाची डबी काढते. घरून कार्यक्रम करण्याचा खरा फायदा हा. स्टुडिओचं भाडं वाचतं, ते नंतरचं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर घासून घ्या: सुगरणीचा हात ज्या वस्तूकडे न बघता जातो, ती वस्तू हलवायची नाही. बाकी सगळं, अगदी फ्रिजसुद्धा, हलवलं तरी चालतं.

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं आहे. पाककलेच्या लेखिका ज्युलिया चाइल्ड यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला तो घराबाहेर, पण १९९० च्या दशकातल्या त्यांच्या तीन मालिका मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, त्यांच्या राहत्या घराच्या स्वयंपाकघरात चित्रित झाल्या. ते स्वयंपाकघर त्यांच्या नवऱ्याने, पॉल चाइल्ड यांनी, बायकोच्या उंचीला बेतून आखलं होतं. बाई ६ फूट २ इंच, म्हणून ओटे ३८ इंच उंच. भिंतीवरच्या फळ्यावर भांडी टांगलेली आणि कुठलं भांडं कुठे जातं याची रेघ मारून ठेवलेली. शूटिंगच्या वेळी मधलं जेवणाचं टेबल बाहेर काढून तिथे शेगडीवाला ओटा बसवला गेला. एवढा मोठा बदल करूनही पडद्यावर ते घरच वाटतं. २००१ साली त्यांनी ते स्वयंपाकघर स्मिथसोनियन संस्थेला दिलं आणि आता ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लोक काचेआडून बघतात.

आपल्याला संग्रहालय करायचं नाही, स्थानिक वाहिनीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे. पण ते टेबल लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

आधी पदार्थ, मग बाकी सगळं

अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे तीस मिनिटं नव्हेत. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातींना आहेत: १० मिनिटं व्यापारी आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे तुमच्या हातात साधारण २२ ते २४ मिनिटं. त्यातून शीर्षक आणि नावांची पट्टी वजा करा. एका भागात एक मुख्य पदार्थ आणि त्याच्या जोडीचा एक, याहून जास्त घ्यायचा मोह आवरा. चार पदार्थ घेतले की एकही नीट दिसत नाही आणि बघणारी बाई पेन्सिल खाली ठेवते.

सोलापुरात जोडीचा प्रश्न सोपा आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी ही जोडी पहिल्या भागाला ठेवा. दोन्हींना सामान थोडं लागतं, दोन्हींत हाताचं कौशल्य दिसतं, आणि बाहेरगावच्या माणसाला सोलापूर म्हटल्यावर हेच आठवतं. हुरडा हिवाळ्यातच मिळतो, तेव्हा तो भाग थंडीतच उरकावा लागतो. वर्षाचं वेळापत्रक आखताना असे हंगामी पदार्थ आधी कॅलेंडरवर टाका, डाळ-आमटीसारखे बारमाही पदार्थ मधल्या फटींत बसवा.

ओटा भिंतीला लागलेला, मग चेहरा कुठून दाखवायचा?

आपल्या घरांत हीच मोठी अडचण. ओटा भिंतीला, गॅस ओट्यावर, म्हणजे स्वयंपाक करणारी बाई भिंतीकडे तोंड करून उभी. कॅमेरा मागे लावला तर सगळा भाग अंबाड्याचा होतो. बाजूने लावला तर अर्धा चेहरा आणि कोपर. काही जण ओट्याच्या टोकाला खिडकीबाहेरून कॅमेरा लावतात. बैठं घर असेल तर ते जमतं, तिसऱ्या मजल्यावर जमत नाही.

मग करायचं ते टेबलाचं. स्वयंपाकघराच्या मध्ये, ओट्यापासून दोनेक पावलांवर, एक मजबूत टेबल लावा आणि त्यावर दुसरी शेगडी ठेवा. बाईंची पाठ ओट्याकडे, तोंड कॅमेऱ्याकडे. ओटा, फडताळ, भांड्यांची मांडणी सगळं मागे दिसतं आणि घर घरासारखं राहतं. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ३० इंच असते, ती उभ्याने काम करायला कमी पडते. पायांखाली लाकडी ठोकळे देऊन टेबल बाईंच्या ओट्याइतकं उंच करा. अंदाजाने नको, टेप घेऊन ओटा मोजा. रोजच्या उंचीत दोन इंचांचा फरक पडला तरी खांदे वर जातात आणि ते पडद्यावर लगेच कळतं.

मिसळणाचा डबा ओट्यावर रोज उजव्या हाताला असेल तर टेबलावरही उजव्याच हाताला. मीठ, तेलाची किटली, उलथनं, पक्कड, फडकं यांचं तसंच. आदल्या दिवशी ओट्याचा मोबाईलवर एक फोटो काढा आणि टेबल त्याबरहुकूम मांडा. फुलदाणी, प्लास्टिकची फळं, चकचकीत बरण्या असलं काही आणू नका. एखाद्या डब्याला पोचा आला असेल तर तो राहू द्या.

भाकरीचं मात्र निराळं. बऱ्याच बायका भाकरी बसूनच थापतात, उभ्याने थापायला सांगितलं की कडा फाटतात. अशा वेळी हट्ट नको. काटवट जमिनीवर, शेगडी जमिनीवर, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड एकदम खाली. हे दृश्य टेबलापेक्षा जास्त देखणं होतं, असं माझं मत.

तालीम आणि चिमटीचं वजन

शूटच्या दोन-तीन दिवस आधी सुगरणीने तोच पदार्थ, त्याच टेबलावर, कॅमेऱ्याशिवाय करायचा. तेव्हा एकाने घड्याळ आणि वही घेऊन बसायचं: शेंगदाणे तव्यावर कधी पडले, कधी उतरले, थंड व्हायला किती वेळ, भाकरी किती वेळ वाळली. या वहीतूनच शूटिंगचं वेळापत्रक निघतं.

दुसरं काम प्रमाणाचं. कुठल्याही मुरलेल्या बाईला "काकू, तिखट किती?" असं विचारा, उत्तर येईल, "अंदाजानं की गं!" तिला मोजायला लावू नका, हात बिघडतो. त्यापेक्षा मिठाचा डबा, तिखटाचा डबा, शेंगदाण्याचं भगुलं तालमीआधी किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहा आणि पदार्थ झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक म्हणजे त्यांचा अंदाज. पडद्यावर ग्रॅम, चमचे दोन्ही द्या, बोलण्यात मात्र त्यांची चिमूट तशीच राहू द्या.

तिसरं, कुठली पायरी वेळखाऊ आहे ते शोधा आणि त्या पायरीच्या आधीचा व नंतरचा असे दोन संच तयार ठेवा. यासाठी भांडी जोडीची लागतात. एका भगुल्याला कान आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर प्रेक्षक पदार्थ सोडून भगुल्याकडेच बघतात. कडक भाकरी हे याचं नेमकं उदाहरण. पातळ भाकरी भाजून झाली की ती मंद आचेवर निवांत वाळवावी लागते, तेव्हा ती पापडासारखी होते. शूटमध्ये तेवढा वेळ थांबणं शक्य नाही. आदल्या दिवशीच्या भाकऱ्या डब्यात ठेवा आणि बाईंनी सरळ म्हणावं, "ह्या मी काल वाळवून ठेवल्यात." लपवाछपवी केली तर घरी करणारीला वाटतं की आपलीच भाकरी वाळत नाही.

शेंगा चटणी कॅमेऱ्यासमोर

ही चटणी जवळून कशी दाखवायची ते सविस्तर सांगतो, कारण बाकीचे पदार्थ याच पद्धतीने तोडता येतात.

साहित्य पाचच वस्तू: शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ. पाव किलो दाण्यांना दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरे, चवीपुरतं मीठ असं धरून चालावं, पुढे घराघरांत फरक पडतो. दाणे मंद आचेवर भाजायचे. इथे पहिला क्लोजअप: सालावर काळसर ठिपके येतात आणि दाणा बोटांत चोळला की साल सुटते, ती वेळ. बाईंनी एक दाणा चोळून दाखवावा, कॅमेरा बोटांवर. दाणे थंड होईपर्यंत थांबावं लागतं. तिथे आधी भाजलेलं दुसरं ताट पुढे घ्या.

मग कुटणं. मिक्सरमध्ये एकदम फिरवलं तर दाण्याचं कूट होतं, चटणी होत नाही. सोलापुरी चटणीचं मर्म उखळात किंवा खलबत्त्यात आहे. घाव बसत राहतात तसं दाण्याचं तेल सुटतं आणि कोरडं कूट हळूहळू ओलसर, दबकं होत जातं. हे सलग दाखवलं तर प्रेक्षक चॅनेल बदलेल. तीनच टप्पे घ्या: पहिला जाडसर भरड्याचा, दुसरा कडेला चिकटायला लागलेल्या कुटाचा, तिसरा मुठीत दाबल्यावर गोळा होऊन बोटांना तेल लागतं त्याचा. तिन्ही वेळा कॅमेऱ्याची जागा आणि उजेड अजिबात बदलू नका, म्हणजे बदल फक्त चटणीतला दिसेल. तिसऱ्या टप्प्याला बाईंनी मूठ उघडून तळवा कॅमेऱ्याकडे करावा. मला विचाराल तर त्या भागातला सगळ्यात मोलाचा शॉट हाच.

मिक्सर असलेल्यांसाठी एक वाक्य हवंच: थांबत थांबत, बटण मागे-पुढे करत फिरवायचं, मध्ये चमच्याने ढवळायचं. उखळ आता किती घरांत उरलंय!

लाल तिखट आणि लसणीचं काम सुरू झालं की खोलीतल्या सगळ्यांना ठसका लागतो. बाईंना नाही लागत, कॅमेरामनला लागतो. म्हणून बोलणं आधी उरकून घ्या. फोडणीच्या पदार्थांत तर हे फारच जपावं लागतं: आधी काय घालणार ते सांगून टाका, मग एक्झॉस्ट चालू करून फोडणी मुकाट्याने घ्या. फोडणीचा चर्रर्र आवाज एक्झॉस्ट बंद ठेवून काही सेकंद वेगळा घ्या आणि नंतर जोडा. तेल उडतं, म्हणून लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर लावा आणि दर फोडणीनंतर तो पुसा.

उजेड

खिडकीतला उजेड सुंदर असतो पण टिकत नाही. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी जो कवडसा टेबलावर पडतो तो दोन तासांत सरकतो, आणि जोडणी (एडिटिंग) करताना एका वाक्यात सकाळ, दुसऱ्यात दुपार असं दिसतं. एकच खिडकी आणि तिचाच उजेड, असं ठरवायचं असेल तर सगळं शूट त्या दोन तासांत बसवा. नाहीतर खिडकी झाका आणि दोन एलईडी दिवे लावा: एक समोरून तिरका, पुढे पांढरा कपडा लावून मऊ केलेला, दुसरा मागून. मागचा दिवा महत्त्वाचा, कारण वाफ आणि धूर मागून उजेड आल्याशिवाय दिसतच नाहीत. गरम भात समोरच्या दिव्यात थंडगार दिसतो.

दिव्यांचा रंग एकच ठेवा. दिवसाच्या उजेडाचा ५६०० केल्विन आणि पिवळ्या बल्बचा ३२०० केल्विन एकत्र आले की भाकरी एका बाजूने निळसर, दुसऱ्या बाजूने पिवळी. घरातला ट्यूबलाइट बंद करा. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुसरं काही ठेवलं तर दिवे लुकलुकताना दिसू शकतात.

स्टीलची भांडी आरशासारखं वागतात. ताटात कॅमेरामनचा चेहरा दिसला नाही असं एकही पहिलं शूट मला आठवत नाही. पितळ, लोखंड, माती वापरा, किंवा भांडं जरा फिरवून घ्या. ज्वारीची भाकरी पांढऱ्या टाइल्ससमोर हरवते, काळ्या तव्यावर किंवा लाकडी काटवटीत उठून दिसते. साडी इरकल असली तरी हरकत नाही, फक्त बारीक चौकडीची नको. बारीक चौकटी आणि रेघा पडद्यावर थरथरतात.

आवाज, म्हणजे सोलापूरचा खरा प्रश्न

चित्र थोडं कमी-जास्त असलं तर लोक सोसतात, आवाज वाईट असेल तर सोसत नाहीत. बाईंना कॉलर माईक लावा, पदराखाली नको, घासतो. खलबत्त्याजवळ किंवा तव्याजवळ दुसरा माईक ठेवा. काचेच्या बांगड्यांचं ठरवून घ्या: भाकरी थापताना त्यांचा नाद गोड वाटतो, पण त्याच वेळी बाई बोलत असतील तर शब्द बुडतात. थापताना बोलणं नको, किंवा बोलताना थापणं नको.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. मोकळ्या टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो. त्यावर उपाय घरातच आहे: कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर दोन-तीन सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगा. जाड सुती विणीत घुमारा बराच मुरतो, आणि नको तो उजेड अडवायला त्याच चादरी खिडकीवरही चालतात.

यंत्रमागाच्या वस्तीत घर असेल तर मात्र चादर पुरत नाही. मागाची खडखड भिंतीतून येते. तिथे मागांच्या सुट्टीच्या दिवशी शूट ठेवा किंवा सरळ दुसरं घर बघा. कॅलेंडरही बघा. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात. १४ एप्रिल, गणपती, शिवजयंती या दिवसांत रस्त्यावरचा आवाज बंद खिडकीलाही जुमानत नाही. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायचा आणि पारा चाळिशीच्या वर, म्हणजे बाईंचे हाल. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत आटपा, मध्ये ताक द्या.

गॅस, वीज, पाणी

टेबलावरच्या शेगडीसाठी ओट्याखालच्या सिलिंडरची नळी ओढून लांब करू नका, जोड तर मुळीच देऊ नका. वेगळा सिलिंडर उभा, शेगडीच्या पातळीखाली, आणि मान्यताप्राप्त नळी दीड मीटरच्या आत. वायरी नळीवरून जाता कामा नयेत. कढईत तेल पेटलं तर पाणी नाही: गॅस बंद करून वर झाकण. ते झाकण कुठे ठेवलंय हे सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा. इंडक्शन सोपं पडतं, पण भाकरी विस्तवावर धरून फुगवायची तर ज्वालाच हवी.

सोळा अँपिअरच्या एका पॉइंटवर सुमारे ३६०० वॅट. इंडक्शन, मिक्सर आणि दिवे एकाच पॉइंटवर लावले की एखाद्या ऐन टेकला खटका पडतो. दिवे दुसऱ्या खोलीतून घ्या. आणि नळाला पाणी कधी येणार ते विचारूनच तारीख ठरवा. पाण्याच्या दिवशी सगळ्या गल्लीच्या मोटारी सुरू असतात, आणि पाणी नसलेल्या दिवशी जोडीची भांडी घासायला ड्रम भरून ठेवावा लागतो. भांडी घासायला एक माणूस वेगळा लागतोच.

शूटचा दिवस

दोन कॅमेरे पुरे: एक समोर, संपूर्ण टेबल आणि चेहरा धरणारा, दुसरा हातांवर. बरोबर वरून बघणारा मोबाईल लावला तर सोन्याहून पिवळं. पदार्थ आधी एकदा न थांबता पूर्ण होऊ द्या. मग हवे ते क्लोजअप दुसऱ्या संचावर पुन्हा घ्या. प्रत्येक वाक्याला "कट" म्हणत बसलात तर बाई कॅमेऱ्याकडे परवानगी मागितल्यासारखं बघायला लागतात.

कॅमेऱ्यामागे एकाने उभं राहून खरे प्रश्न विचारावेत. लेन्सशी बोलणं अवघड, माणसाशी सोपं.

"अक्का, पीठ गरम पाण्यात का मळलं?"

"पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेला असला तर भाकरी तुटते. गरम पाण्यानं धरून राहतं."

एवढ्या दोन वाक्यांत पाऊण मिनिटाच्या निवेदनापेक्षा जास्त कळतं. सोलापूरच्या बोलण्यात कानडी-तेलुगू शब्द येतात, ते गाळू नका. पीठ मळताना मोकळी वेळ मिळते, तिथे ज्वारीचं बोलू द्या: मालदांडी वाण, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, घरात कुठली ज्वारी येते ते. भाकरी फुगण्याचा शॉट एकदाच मिळतो असं समजून दुसरा कॅमेरा आधीच तव्यावर लावा आणि पिठाचे चार गोळे जादा ठेवा.

जोडणी

वाहिनीला बहुतेक १९२० बाय १०८० मापाची, २५ फ्रेमची फाइल लागते. त्यांचा तांत्रिक कागद शूटच्या आधी मागून घ्या. जाहिरातीच्या आधी असा क्षण ठेवा की पुढचं बघावंसं वाटेल: चटणीचा दुसरा टप्पा तिथे छान बसतो. प्रमाणाची पाटी वाचून लिहून घेता येईल इतका वेळ ठेवा. तुम्ही स्वतः वहीत उतरवून बघा, लागला तो वेळ अधिक पाच सेकंद. अक्षरं पडद्याच्या कडेला चिकटवू नका, जुन्या टीव्हीत कापली जातात.

पहिली जोडणी झाली की ती भाकरी कधीच न केलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्या आणि फक्त त्यावरून करायला सांगा. शेजारी बसा, मदत करू नका. ते जिथे थांबून मागे घेतील, तिथे तुमचा शॉट कमी पडलाय. तेवढाच तुकडा पुन्हा घ्यावा लागेल, तेव्हा जादाचं टेबल आणि शेगडी लगेच परत पाठवू नका, आणि काकूंनी त्या दिवशी कुठली साडी नेसली होती, केसांत गजरा होता की नव्हता, हे वहीत लिहून ठेवा.